किंगरीपुढची समई

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला शूर ठरवायला नको. माझ्या हातून धीट म्हणावी अशी एकच गोष्ट झाली, आणि तीही निव्वळ घाबरून झाली. चिडकी माणसं धीट असतात असा लोकांचा उगाचच समज आहे. मी चिडायचे ती भीतीपोटीच. माझ्या विद्यार्थ्यांना हे कधी कळलं नाही, ते बरंच झालं.

नागपुरातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायला लागले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. नोकरी तात्पुरती. दर उन्हाळ्यात जूनची धाकधूक, पुन्हा घेतील की नाही घेणार. आम्ही गोंड. रामटेकच्या पलीकडं, देवलापारच्या वाटेवर आमचं गाव. बाबा तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आमच्या घरातून कॉलेजात शिकवायला गेलेली मी पहिलीच. आडनावावरून ओळखणारे ओळखायचे, आणि ओळख पटली की जरा जास्तच गोड बोलायचे. त्या गोडव्याचीसुद्धा मला भीती वाटे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ‘आदिवासी समाज’ नावाचा पेपर होता. तो माझ्या वाट्याला आला, कारण उघडच होतं. शिकवायचं म्हणजे विभागात वर्षानुवर्षं चालत आलेल्या नोट्स उतरवून द्यायच्या. त्यात गोंडांवरचं प्रकरण असं सुरू व्हायचं, की गोंड हे काटक, भोळे, उत्सवप्रिय व मद्यासक्त असतात. मी हे वाक्य सांगायचे, मुलं माना खाली घालून लिहायची, आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “मॅडम, परत सांगा नं. भोळेच्या पुढं काय?”

भोळे! भाजीवालीशी हुज्जत घालणारे माझे बाबा त्या नोट्स लिहिणाऱ्यानं एकदा पाहायला हवे होते. दारूचं म्हणाल तर बाबांनी जन्मात थेंबाला हात लावला नाही, चहासुद्धा बशीभर. माझ्या कानशिलाशी रक्त चढायचं. पण मी म्हणायचे काय, तर “उत्सवप्रिय, मद्यासक्त. लिहा.” दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दोन वर्षं हे केलं आणि मग एके दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन बोलून मोकळी झाले. काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. या पेपरात गोंडांबद्दल सगळे बोलतात, एकटा गोंडच तेवढा बोलत नाही, असं काहीसं. आवाज चढला होता.

आमचे सर म्हणजे दम्याचे रुग्ण, अतिशय सभ्य माणूस. चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. मला हे कधी सुचलंच नाही.”

मी वाद घालायला गेले होते. माणूस एका झटक्यात कबूल झाल्यावर काय करायचं ते मला कळेना. सर मात्र कामालाच लागले. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक जवळ आली होती. मंडळानं मनावर घेतलं तर त्या पेपरात एक नवा घटक घालता येणार होता, लोकांनी स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं. पण मंडळातली मंडळी नुसत्या बोलण्यानं हलणारी नव्हती. सर म्हणाले, “त्यांना ऐकवूया. तुमच्याकडच्या कोणाला तरी वर्गात बोलवा. परधान असतात ना तुमच्यात, किंगरी वाजवून गातात? मंडळाच्या सभासदांना मी आणून बसवतो.”

आणि नेमका तेव्हा आमचा परधान नागपुरात होता.

परधान म्हणजे गोंडांच्या घराण्याची गाणी सांभाळणारा माणूस. प्रत्येक घराचा परधान ठरलेला असतो. आमच्या परधानाच्या आज्यानं माझ्या पणज्यापुढं गायलं होतं. दरवर्षी धान घरात आलं की तो न सांगता येऊन ओसरीवर बसायचा, खोळीतून किंगरी काढायचा. ते लहानसं तारांचं वाद्य, गजानं वाजवतात. मग तो आमचे देव कुठून निघाले, कोणत्या नदीवर थांबले, कोणाच्या खांद्यावर बसून आमच्या घरापर्यंत आले, ते सगळं गायचा. माणूस तसा फटकळ. बिडी सतत, कुरकूर सतत, मानपानात जराही कमी पडलं की तोंड फुगलेलं. मी त्याला काका म्हणायचे आणि थोडी लांबच असायचे.

त्या वर्षी तो नागपुरात आला होता तो बाबांना बघायला. बाबा सरकारी दवाखान्यात होते. पोटात गाठ निघाली होती आणि ती कापून काढायची होती. डॉक्टर मंडळी आमच्याशी मोजकं बोलत, आणि त्या मोजक्यात दिलासा देणारं काही नसे. काका वॉर्डाच्या व्हरांड्यात मुक्काम ठोकून दवाखान्याच्या चहाला शिव्या घालत होते. “हे काय च्या हाय? हे तं गरम पानी हाय!”

सरांचं म्हणणं मी बाबांच्या कानावर घातलं ते त्यांनी नको म्हणावं म्हणून. पण ते खाटेवर उठून बसले. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी दिसली. “अवं, मंग नेत काहून नाही त्याले? युनिव्हर्सिटीत आपलं गानं! सांग त्याले, राजाची गोष्ट गाय म्हना. देवाचं नको.”

देवाचं नको हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते मला बारशापासून माहीत होतं.

देवाचं गाणं म्हणजे आधी देवाला उठवायचं, सगळी वाट चालवायची आणि शेवटी परत बसवायचं. एकदा उठवला की बसवल्याशिवाय थांबता येत नाही. आणि परधान एकटा हे करू शकत नाही. त्याच्यापुढं त्या घरातल्या कर्त्या पुरुषानं बसावं लागतं आणि दर ओळीला हुंकार द्यावा लागतो. नुसतं ‘हं’. तो ‘हं’ आला की पुढची ओळ, नाही आला तर गाणं तिथंच उभं. आमच्या घरी हा हुंकार बाबा देत. पाठ ताठ करून, एकही न चुकवता.

एकदाच ते गाणं अर्धं राहिलं होतं. बाबा लहान असतानाची गोष्ट. गाणं चाललं असताना जंगलखात्याची माणसं आली आणि वणवा विझवायला म्हणून आमच्या ओसरीवरचे सगळे पुरुष हाकलत घेऊन गेली. मागं बायका आणि पोरं. काकांचा बाप हातात गज धरून बसून राहिला आणि अखेर उठून गेला. त्या पावसाळ्यात बाबांचा पाठचा भाऊ तापानं गेला. माझी आत्या ही गोष्ट सांगताना हात वर करायची. “देव उभा राह्यला वं, उभा! त्याले कोनं बसवलंच नाही. मंग तो पोराले घेऊन गेला.” त्यावर बाबा दरवेळी शांतपणे म्हणायचे, “हिवताप होता. कोयनेल भेटलं असतं तं वाचला असता.” मी दोन्ही ऐकत मोठी झाले. दिवसा मला बाबांचं पटायचं. अंधार पडला की आत्याचं.

सरांना मी एवढंच सांगितलं की देवाचं गाणं नाही, राजाची गोष्ट होईल. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते मोठ्या आस्थेनं टिपून घेतलं असतं आणि ‘भोळे’ या शब्दाला पुरावा मिळाला असता, अशी मला भीती वाटली. काकांनाही दोनदा बजावलं. “हो वं माय, मले समजते. मी का लेकरू हाय का?” ते उखडलेच माझ्यावर.

कार्यक्रम ठरला तो दिवस नेमका बाबांच्या ऑपरेशनच्या आदला निघाला. मी सरांना पुढं ढकला म्हणाले, पण मंडळाच्या लोकांच्या वेळा जुळवून आणल्या होत्या. बाबाही म्हणाले, जा. सकाळी त्यांचा हात हातात घेतला तर गार लागला. मला म्हणाले, “दुपारी काय झालं ते येऊन सांगजो.”

कॉलेजात वरच्या मजल्यावरचा मोठा वर्ग घेतला होता. पुढच्या रांगेत मंडळाचे सभासद, मागं आमची मुलं. काका पांढरं धोतर, नवा फेटा घालून आले होते आणि पायऱ्या चढून घामाघूम झाले होते. त्यांना टेबलाजवळच्या सतरंजीवर बसवलं. त्यांनी किंगरी काढून पुढं ठेवली आणि पाणी मागितलं. मी पाणी आणायला खाली गेले.

तांब्या घेऊन वर आले आणि दारातच थबकले.

किंगरीच्या पुढं समई होती. पितळेची, लख्ख घासलेली, पाचही वाती पेटलेल्या. सरांनी ती घरून आणली होती. सरांच्या पत्नीनं सकाळी बसून चिंचेनं घासून दिली होती, हे मला नंतर कळलं. आपल्याकडं कुठल्याही कार्यक्रमाला दिवा लागतो, शिंपीसंघाच्या वार्षिक सभेलासुद्धा लागतो. सरांनी तर आणखी विचार केला होता. सभासदांना ते सांगत होते, “आपण यांना नमुना म्हणून बोलावलेलं नाही. गुरू म्हणून बोलावलं आहे.” आणि हे बोलता बोलता त्यांनी ओंजळीतले तांदूळ किंगरीवर वाहिले. वर नारळ फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातातला तांब्या कलंडून माझ्याच पायावर पाणी सांडलं.

दिवा लावून किंगरीवर तांदूळ टाकणं म्हणजे आमच्यात यजमानानं देवाला बोलावणं. त्यानंतर परधानाच्या हातात काही राहत नाही. राजाची गोष्ट नाही, लग्नाचं गाणं नाही. तांदूळ पडले म्हणजे देव उठलाच. सरांनी ज्या शुद्ध मनानं तो मान दिला होता, तसा मान आमच्याकडं वर्षातून एकदा, घरात, सगळी तयारी करूनच देतात. अनादर केला असता तर परवडलं असतं. कोपऱ्यात एखादं स्टूल देऊन “हां, वाजवा” म्हटलं असतं तर काकांनी चिडत चिडत राजाची गोष्ट गायली असती आणि आम्ही सगळे सुखानं घरी गेलो असतो.

काकांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी गज उचलला.

पहिली ओळ गायली आणि ते थांबले.

वर्ग शांत. काका समोरच्या रिकाम्या जागेकडं बघत होते, जिथं बाबा बसायला हवे होते. सर वाकून हळूच म्हणाले, “विसरलात का? असू द्या, सावकाश होऊ द्या.” काका हलले नाहीत. मग सरांना वाटलं, माणूस बुजला. त्यांनी मुलांकडं बघून खूण केली आणि मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला कानफटात बसल्यासारख्या लागल्या.

काकांनी तीच ओळ पुन्हा गायली. पुन्हा थांबले. गजाचं टोक थरथरत होतं. म्हणजे हाही घाबरला आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. तोवर मी स्वतःला सांगत होते, हिवताप होता, कोयनेल मिळालं नाही, एवढंच. श्रद्धा ही समाजाला बांधून ठेवणारी व्यवस्था असते, हे तर मी दरवर्षी शिकवायचे, उदाहरणांसकट. त्यातलं एक अक्षर कामाला येईना. डोळ्यांपुढं नुसती दवाखान्यातली खाट. उद्या सकाळी बाबांना आत नेणार, आणि आमच्या घराचा देव इथं, वरच्या मजल्यावर, फळ्यापुढं उभा.

पळून जावं असं वाटलं. खरंच. दार माझ्या मागंच होतं.

त्याऐवजी माझ्या तोंडून ‘हं’ निघालं. निघालं म्हणजे काय, नुसती हवा निघाली. ते काकांना ऐकू गेलं नाही. मग मी डिक्टेशन द्यायच्या आवाजात, मोठ्यांदा म्हणाले, “हं!”

पोरं फिसकन हसली. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. काकांनी मात्र गज चालवला नाही. तो हवेतच राहिला. बाईनं हुंकार दिलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. आमच्यात ते होत नाही. आता ही नवीन भीती. यानं घेतलाच नाही तर? आधीच एक चूक झालेली, तिच्यावर मी दुसरी चढवलेली असली तर? मी ओल्या पायांनी पुढं गेले आणि त्या रिकाम्या जागी जाऊन बसले. बाबा बसत तशी, पाठ ताठ करून. आणि तिसऱ्यांदा म्हणाले, “हं.”

काकांनी डोळे मिटले. गज तारेवर टेकला.

मग ते सुरू झालं ते झालंच. ओळ, हं. ओळ, हं. एकही चुकवायचा नव्हता. तासाची घंटा झाली. सभासदांपैकी एकानं घड्याळ पाहिलं, दुसऱ्यानं घसा साफ केला. सर माझ्याजवळ येऊन वाकले. “मॅडम, पुष्कळ झालं. थांबवूया का?”

मी म्हणाले, “हं.”

तो काकांना होता. सरांना वाटलं, मी होकार दिला. ते समाधानानं मागं जाऊन उभे राहिले. गाणं चालूच. थोड्या वेळानं पुन्हा आले. “मॅडम, सभासदांना बस पकडायची आहे. सांगताय ना त्यांना?”

“हं.”

सर बिचारे पुन्हा मागं. मला रडू फुटत होतं, आणि मधल्या फटीत बोलायला जावं तर पुढची ओळ यायची. सभासद उठले, नमस्कार करून गेले. मुलंही एकेक करून सटकू लागली. दुसऱ्या तासाचा वर्ग दाराशी येऊन कलकल करायला लागला. सर तिसऱ्यांदा आले ते जरा रागावूनच आले होते. पण या वेळी त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. चष्मा काढला, पुसायचा विसरून तसाच हातात धरला.

“मॅडम, तुम्ही घाबरलाय.”

“हं,” मी म्हणाले.

ते दाराशी गेले. दुसऱ्या वर्गाला दुसरीकडं पाठवलं, दार लावून घेतलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या छातीची घरघर मला शेवटपर्यंत ऐकू येत होती.

देव बसला तेव्हा खिडकीतून ऊन पार भिंतीवर चढलं होतं. काकांनी समईच्या वाती एकेक करून शांत केल्या, किंगरी खोळीत घातली आणि माझ्यावर कडाडले, “दिवा काहून लावू देल्ला माय? काहून?” मी म्हटलं, “मी पाणी आणायले गेली होती काका.” ते म्हणाले, “तुह्या पान्याच्या!” आणि मग तोंडावर फेटा ओढून त्यातच रडले.

अभ्यास मंडळाचं काय झालं तेही सांगते. प्रात्यक्षिक अवास्तव लांबलं आणि त्यात शिस्त नव्हती, असा शेरा आला. घटक मात्र मंजूर झाला, कारण सर अडून बसले. सभ्य माणूस अडून बसला की लोकांना हाताळता येत नाही. मी सरांना सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी ते टिपून घेतलं नाही. एवढंच म्हणाले, “माझ्या हातून फार मोठी आगळीक झाली असती.” पुढच्या वर्षी जुन्या नोट्स मी वर्गात आणल्या नाहीत. गोंडांबद्दल सांगायला लागले की थांबायचे, आणि मुलांना म्हणायचे, हं म्हणा, त्याशिवाय पुढचं सांगणार नाही. पोरं आधी हसायची. मग कोणीतरी म्हणायचं. ज्याला हं म्हणावं लागतं त्याला खाली मान घालून लिहिता येत नाही, हा फायदा माझ्या हळूहळू लक्षात आला. प्रत्येक वर्षी पहिल्या थांब्याला मात्र मला तीच भीती वाटायची. कोणी म्हणालंच नाही तर?

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी कॉलेजातून रिक्षा करून थेट दवाखाना गाठला. काका आत आले नाहीत, बाहेर झाडाखाली बसून राहिले. भेटीची वेळ संपत आली होती. बाबा खाटेवर पडून दाराकडंच बघत होते.

“काय म्हने मंडळ?”

मी सांगणार नव्हते. उद्या ऑपरेशन आहे, आज कशाला. पण त्यांनी माझे पाय पाहिले. चपला अजून ओल्या होत्या. “काय झालं वं?” म्हणाले, आणि मला लपवता येईना.

“सरांनी दिवा लावला बाबा. किंगरीवर तांदूळ टाकले.”

ते कोपर टेकून अर्धे उठले. डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की बांगडी रुतली. हिवतापवाले, कोयनेलवाले माझे बाबा! त्यांच्या डोळ्यांत मी अशी भीती कधीच पाहिली नव्हती.

“बसवला का?”

“बसवला.”

“पुरा?”

“पुरा, बाबा.”

“हुंकार कोनं देल्ला?”

बाईनं, तेही पोटच्या पोरीनं. ते रागावतील, नाहीतर आणखी घाबरतील. “मीच देल्ला,” मी म्हटलं. “दुसरं कोणीच नव्हतं.”

त्यांनी मनगट सोडलं नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता. मग त्यांनी विचारलं ते मला वाटलं होतं ते नव्हतं.

“आवाज निघाला का तुहा?”

“पहिल्यांदा नाही निघाला.”

त्यांनी मान हलवली आणि छताकडं पाहत पडून राहिले. बाबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, गाठ निघाली आणि त्यानंतर ते बरीच वर्षं भाजीवाल्यांशी भांडत जगले. पण त्या संध्याकाळी हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. त्यांना वाटत होतं, उद्या आपण जातोय. म्हणून ते बोलले असावेत.

“जंगलवाल्यायनं मानसं नेली नं, तवा मी ओसरीवरच होतो,” ते म्हणाले. “घरातला मोठा पोरगा मीच. परधान माह्याचकडं पाहून राहिला होता. लय वेळ पाहून राहिला होता.”

ते थांबले. त्यांचे ओठ हलत होते पण पुढं काही येईना. वॉर्डातली बाई घंटा वाजवत भेटीला आलेल्यांना बाहेर काढत आमच्याकडं येत होती. मी बाबांच्या जवळ सरकले.

“हं,” मी म्हणाले.

“माह्या तोंडातून नाही निघालं,” बाबा म्हणाले.